हाणामारी डब होते, हसू होत नाही

सुरत जिल्ह्यातल्या पलसाणा तालुक्यात चलथाण आहे. एका अंगाला सहकारी साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला कडोदऱ्यापर्यंत पसरलेल्या डाइंग मिल आणि लूमची खाती. दक्षिण गुजरातच्या या ऊसपट्ट्यात हंगाम लागला की डांग, नंदुरबार, धुळ्याकडून ऊसतोड मजुरांचे कोयते येतात. मिलमध्ये आणि लूमवर खान्देशी माणसाशेजारी गंजामचा ओडिया, बिहारचा भोजपुरी आणि तेलंगणाकडचा तेलुगू माणूस काम करतो. साधा प्रेक्षक सिनेमाबद्दल काय बोलतो आणि तसं का बोलतो, हे समजून घ्यायचं तर असंच गाव बघावं. इथल्या प्रेक्षकाजवळ नाटक नाही, चित्रपट महोत्सव नाही, परीक्षणं वाचायची सवय नाही. सुटीचा दिवस आहे, खिशात मोबाइल आहे आणि तिकिटाला पैसे घालायचे की नाही हा प्रश्न आहे. त्याचं मत दोन शब्दांत येतं. साऊथचा पिक्चर असेल तर ‘फायटिंग भारी’, कॉमेडी असेल तर ‘टाइमपास’. जाणकार मंडळी अशी मतं ऐकून न ऐकल्यासारखी करतात. माझं म्हणणं असं की या दोन शब्दांमागे पक्के निकष आहेत, आणि दोन्ही प्रकारांसाठी ते वेगवेगळे आहेत. हाणामारीच्या चित्रपटात हा प्रेक्षक बघतो की नायक मारतो ते कशापायी. विनोदी चित्रपटात बघतो की पडद्यावरची माणसं आपल्या ओळखीची आहेत का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही भाषेतून पोचतं. दुसऱ्याचं उत्तर ज्याच्या त्याच्या बोलीतच मिळतं. म्हणून चलथाणच्या मराठी माणसाच्या वाट्याला हाणामारी पोटभर येते, पण त्याचं स्वतःचं हसू फार थोडं येतं.

आधी हाणामारीचं बघू. ‘यांना नुसता धांगडधिंगा लागतो’ हा साध्या प्रेक्षकावरचा जुना आरोप आहे. तो खरा असता तर पैसा ओतून काढलेला एकही मारधाडपट पडला नसता. २०१८ च्या दिवाळीत आलेल्या ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’मध्ये अमिताभ बच्चन आणि आमिर खान होते, जहाजं होती, तोफा होत्या. पहिल्या दिवशी विक्रमी गर्दी झाली आणि मग चित्रपट कोसळला. २०२४ च्या ईदला आलेल्या ‘बडे मियाँ छोटे मियाँ’मध्ये स्फोटांना तोटा नव्हता, तरी प्रेक्षक फिरकला नाही. आता यांच्यासमोर १९७५ चा ‘दीवार’ ठेवा. त्यातली गोदामातली मारामारी आजही लोकांना पाठ आहे. विजय हा गोदीतला हमाल. हप्ता घेणाऱ्या गुंडांच्या अड्ड्यावर तो एकटा जातो, आतून दाराला कुलूप घालतो आणि किल्ली त्यांच्याच हवाली करतो. मारामारी त्यानंतर सुरू होते, पण टाळ्या तिथे, कुलपापाशीच पडलेल्या असतात. सलीम-जावेद यांनी त्या आधी हमालांच्या मजुरीतून कापला जाणारा हप्ता दाखवला आहे, नकार देणाऱ्याचं काय होतं तेही दाखवलं आहे. ठोसा बसतो तेव्हा त्याचं कारण प्रेक्षकाच्या मनात तयार असतं.

‘पुष्पा’च्या पहिल्या भागातही हेच घडतं. १७ डिसेंबर २०२१ ला आलेला हा चित्रपट रक्तचंदनाच्या तस्करीचा आहे, आणि त्याच्या नायकाला सज्जन म्हणता येणार नाही. पण सुकुमार या दिग्दर्शकाने त्याची ओळख कशी करून दिली ते बघण्यासारखं आहे. पुष्पा मजूर आहे. मालकासमोर तो पायावर पाय टाकून बसतो, मालकाला ते खुपतं, आणि पाय खाली घेण्याऐवजी पुष्पा कामावर पाणी सोडतो. त्याचा एक खांदा उचललेला, चाल वाकडी. ओझी वाहणाऱ्याचं शरीर असतं तसं हे शरीर आहे. बापाचं नाव नसल्याबद्दल त्याला जागोजागी टोचलं जातं. उसाच्या मोळ्या ट्रकवर चढवणाऱ्या किंवा कापडाचे ताके डोक्यावरून नेणाऱ्या माणसाला ही बैठक आणि हा खांदा समजावून सांगावा लागत नाही. मुकादमासमोर कसं उभं राहायचं आणि कुठे बसायचं नाही, याचे नियम त्याने अंगावर वागवलेले असतात. तेव्हा ‘फायटिंग भारी’ या शेऱ्याचा अर्थ नीट लावला तर असा निघतो की अपमान खरा वाटला आणि त्याची परतफेड पुरेशी झाली. ‘ठग्ज’मध्ये तोफा होत्या, पण प्रेक्षकाला आपला वाटावा असा अपमान नव्हता.

आणि अपमानाला दुभाष्या लागत नाही. दक्षिणेकडचे मारधाडपट उत्तरेत घरोघरी पोचले ते चित्रपटगृहांच्या आधी टीव्हीवरून. गोल्डमाइन्ससारख्या कंपन्यांनी तेलुगू आणि तमिळ चित्रपट हिंदीत डब करून वाहिन्यांवर आणि यूट्यूबवर सोडले आणि ‘पुष्पा’ साकारणाऱ्या अल्लू अर्जुनचं नाव दुपारच्या टीव्हीतून लोकांच्या ओळखीचं झालं. इथे मराठी वाचकाने एक गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी. त्या डब चित्रपटांमध्ये अल्लू अर्जुनला वर्षानुवर्षं हिंदी आवाज दिला तो संकेत म्हात्रे यांनी. ‘पुष्पा’ हिंदीत बोलला श्रेयस तळपदे यांच्या आवाजात, आणि ‘बाहुबली’ला हिंदी आवाज होता शरद केळकर यांचा. चेहरा तेलुगू, भाषा हिंदी, गळा मराठी, आणि कुठे काही खटकलं नाही. लूमच्या खात्यात शेजारी उभे असलेले ओडिया, तेलुगू आणि खान्देशी कामगार सोमवारी एकाच चित्रपटाबद्दल बोलू शकतात ते यामुळे. तेलुगू माणसाने मूळ बघितलेला असतो, बाकीच्यांनी डब, आणि तरी सगळ्यांचं बोलणं एकाच प्रसंगावर येऊन मिळतं. परप्रांतात एकत्र राबणाऱ्या माणसांना बोलायला असा समाईक विषय मिळणं ही मोठी गोष्ट आहे. मारधाडपटांना नाक मुरडणाऱ्यांनी ती हिशेबात धरावी.

विनोदाची वाट मात्र वेगळी आहे. विनोदी चित्रपटही एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातात, उलट जास्तच जातात, पण डब होऊन क्वचित. त्यांना नव्या भाषेत नव्याने जन्म घ्यावा लागतो. महेश कोठारे यांचा ‘धूमधडाका’ (१९८५) मुळात श्रीधर यांचा १९६४ चा तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’. प्रियदर्शन यांचा ‘हेराफेरी’ (२०००) मुळात १९८९ चा मल्याळम ‘रामजी राव स्पीकिंग’. ‘गोलमाल’ मालिकेतल्या पहिल्या चित्रपटाचं मूळ नीरज व्होरा यांच्या ‘अफलातून’ या गुजराती नाटकात. यातला एकही चित्रपट मूळ आवाजावर दुसरा आवाज चढवून चालला नाही. नवी माणसं आणावी लागली, नवी गल्ली, नवे टोमणे, नवी आडनावं आणावी लागली. गुजरातीतलं उदाहरण तर हाताशीच आहे. कृष्णदेव याज्ञिक यांचा ‘छेल्लो दिवस’ (२०१५) गुजराती तरुणांनी डोक्यावर घेतला, त्यातले संवाद कॉलेजच्या पोरांच्या तोंडी बसले. त्याच दिग्दर्शकाने पुढच्याच वर्षी तो ‘डेज ऑफ तफरी’ या नावाने हिंदीत काढला आणि तो आला तसा गेला. कथा तीच, दिग्दर्शक तोच. मूळ गुजरातीतली खोडी हिंदीत उतरली नाही.

सगळ्यांत शिकवणारं उदाहरण ‘अशी ही बनवाबनवी’चं. १९६६ साली हृषीकेश मुखर्जींनी ‘बीवी और मकान’ काढला. तो आज अभ्यासकांखेरीज फारसा कुणाला आठवत नाही. तीच कल्पना घेऊन १९८८ मध्ये सचिन पिळगांवकर यांनी मराठी चित्रपट केला, वसंत सबनीसांनी तो लिहिला, आणि तीस-पस्तीस वर्षांनंतरही तो लागला की लोक हातातलं काम सोडून बसतात. मधल्या काळात काय बदललं? पुणं आलं. भाड्याच्या खोलीवरून कुरकुरणारा घरमालक सुधीर जोशींच्या चेहऱ्याने आला. नवरा-बायकोलाच जागा देणारी लीलाबाई काळभोर आली, आणि जागेपायी परशुराम आणि सुधीर हे दोघे मित्र बायकांच्या वेशात पार्वती आणि सुधा झाले. अशोक सराफांचा धनंजय माने थापा मारतो तेव्हा त्या अगदी मराठी मध्यमवर्गी थापा असतात, शेजाऱ्याला पटतील अशा बेताने मारलेल्या. चलथाण-कडोदरा पट्ट्यातल्या मराठी माणसाला हा चित्रपट आणखी जवळचा का वाटावा, तेही उघड आहे. एकट्या पुरुषांना खोली मिळत नाही, मालक आधी ‘फॅमिली आहे का’ विचारतो, मिळाली तर एका खोलीत किती जण झोपतात ते लपवावं लागतं. कामासाठी गाव सोडलेल्या माणसाचा हा रोजचा व्यवहार आहे. चित्रपटाने त्यातला जाच न लपवता त्यातून हसू काढलं. त्या हसण्यात सुटका आहे आणि ती आपल्या भाषेत मिळालेली आहे.

यावर पहिला आक्षेप चार्ली चॅप्लिनचा येणार, आणि तो यायलाच हवा. चॅप्लिन एक शब्द न बोलता साऱ्या जगाला हसवून गेला, मग विनोद भाषेला बांधलेला कसा? तर विनोदाचा एक प्रकार शरीराचा आहे, आणि तो हाणामारीचा सख्खा भाऊ आहे. पडणं, धडपडणं, पाठलाग, मारलेली थप्पड दुसऱ्यालाच लागणं, हे कुठेही पोचतं. त्याचा आपल्याकडचा उत्तम पुरावा मालेगावात आहे, आणि तोही यंत्रमागांच्याच गावात. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी गावातल्या माणसांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला, पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला. फैझा अहमद खान यांच्या माहितीपटाने ती धडपड जगापुढे आणली आणि रीमा कागती यांनी तिच्यावर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ काढला. नासिर यांच्या चित्रपटात सुपरमॅन झालेला शफीक स्वतः मागावर काम करणारा होता, अंगाने किडकिडीत. अमेरिकेचा महाबली मालेगावच्या धुळीत उतरला की कसा दिसेल, हे त्या पडद्यावर दिसतं. म्हणजे शरीराचा विनोदसुद्धा बाहेरून आला तरी लोकांना त्याला आपल्या गावचा कपडा घालावासा वाटलाच. त्याच मालेगावच्या छोटू दादाच्या चित्रफिती आज यूट्यूबवर देशभर बघितल्या जातात, कारण त्यांत धावपळ आणि मार जास्त आहे. बोलण्यातून होणारा विनोद, टोमणा, खवचटपणा, एखाद्याच्या बोलण्याची लकब यांना मात्र इतकं दूर जाता येत नाही. साध्या माणसाचं रोजचं हसणं तर मुख्यतः बोलण्यातूनच चालतं.

दुसरा आक्षेप अभिरुचीचा. साध्या प्रेक्षकाने दादा कोंडकेंना उचलून धरलं, द्वयर्थी संवादांवर शिट्ट्या मारल्या, मग त्याच्या पसंतीला निकष कसं म्हणायचं? याचं उत्तर दादांच्याच यशात आहे. ‘सोंगाड्या’पासून सुरू झालेले दादांचे नऊ चित्रपट लागोपाठ रौप्यमहोत्सवी झाले आणि गिनेस बुकात नोंद झाली. द्वयर्थी संवाद लिहिणारे दादांच्या आधी होते आणि नंतर तर ढिगाने झाले. त्यांतल्या कुणाला अशी ओळ लावता आली नाही. दादांच्या नायकात गावाकडचा भोळसट, आईला भिणारा, लोंबत्या नाडीची अर्धी चड्डी घातलेला माणूस होता, आणि त्याला हसताना प्रेक्षक त्याच्या बाजूने असायचा. तेच दादा हिंदीत गेले, गुजरातीतही त्यांनी चित्रपट काढला, पण मराठीत मिळाली ती माया त्यांना तिकडे मिळाली नाही. द्वयर्थ हिंदीत नेता आला. माणूस मराठीतच राहिला. जाणकारांचा निकाल आणि साध्या प्रेक्षकाचा निकाल यांतला फरक ‘शोले’नेही दाखवून दिला. १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला तेव्हा परीक्षणं वाईट आली, धंदेवाल्यांनी हात झटकले, आणि मग प्रेक्षकांनी तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालवला.

पण साध्या प्रेक्षकाचं सगळंच बरोबर, असंही मी म्हणणार नाही. कुणाच्या जिवावर हसायचं, या प्रश्नावर लोकप्रिय विनोदी चित्रपट वारंवार घसरले आहेत आणि प्रेक्षकाने ते चालवून घेतलं आहे. ‘गोलमाल’ मालिकेत बोलता न येणाऱ्या तरुणाच्या आवाजावर भागामागून भाग विनोद चालला. तो विनोद मला पहिल्यापासून खोटा वाटतो. मराठी माणसाच्या जिवावर हिंदी सिनेमाने किती वर्षं हसून घेतलं, हे तर आपल्याला ठाऊकच आहे. पडद्यावर मराठी बोलायची ती भांडी घासणारी बाई, नाहीतर पोटसुट्या हवालदार. म्हणूनच ‘हेराफेरी’तल्या बाबुराव गणपतराव आपटेचं मोल मोठं आहे. जाड भिंगांचा चष्मा, कावलेला स्वर, कर्जात बुडालेलं गॅरेज, पण घर त्याचं आहे आणि भाडेकरू त्याच्या दारात आहेत. त्याचं मराठीपण हे हसण्याचं कारण नाही. हसू येतं ते चुकीच्या फोनवर तो ज्या निष्ठेने भांडतो त्याचं. ही भूमिका परेश रावल या गुजराती रंगभूमीवर घडलेल्या नटाने केली, संवाद नीरज व्होरा या गुजराती लेखकाचे, आणि मूळ कथा मल्याळम. सुरतेच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसासाठी यात मोठा दिलासा आहे. शेजाऱ्याने नीट बघितलं तर तोही आपल्याला न हिणवता रंगवू शकतो. पुढे मराठीत परेश मोकाशींच्या ‘नाच गं घुमा’ (२०२४) मध्ये नम्रता संभेराव यांची घरकाम करणारी आशाताई मुक्ता बर्वेंच्या मालकिणीइतकीच मधोमध उभी राहिली, हेही चांगलंच झालं.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. विनोद आता मोबाइलवर फुकट मिळतो. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आणि ‘चला हवा येऊ द्या’ यांचे तुकडे जेवणाच्या सुटीत बघून होतात. मग विनोदी चित्रपटासाठी कोण थिएटरात जाणार? मोठा पडदा हाणामारीलाच शोभतो. हे अर्धं खरं आहे. मोठा आवाज, मोठी इमारत कोसळणं याला मोठा पडदा लागतो. पण विनोदाला माणसं लागतात. एकट्याने मोबाइलवर बघताना माणूस ओठातल्या ओठात हसतो. पाचशे जणांत तोच प्रसंग त्याला खुर्चीतून उठवतो. २०२३ मध्ये केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ला बायका घोळक्याने, साड्या नेसून, ठरवून गेल्या त्या सोबत हसण्या-रडण्यासाठीच. आणि किमतीचं म्हणाल तर २३ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय चित्रपट दिनी देशभर तिकीट ७५ रुपये केलं तेव्हा मल्टिप्लेक्सवाल्यांच्या सांगण्यानुसार एका दिवसात ६५ लाखांवर लोक चित्रपटगृहात आले. घरात बसलेल्या प्रेक्षकाला सिनेमाचा कंटाळा आला नव्हता. चौघांचं तिकीट, पॉपकॉर्न आणि रिक्षा यांचा हिशेब जमत नव्हता, आणि हिशेब जमत नसेल तर प्रेक्षक पैसे वसूल होण्याची खात्री असलेला पर्याय, म्हणजे साऊथचा मारधाडपट, निवडणार. त्याला दोष देता येत नाही.

आता शेवटचं, आणि मराठी चित्रपट काढणाऱ्यांना उद्देशून. चलथाणचा मराठी माणूस बहुतेक करून खान्देशी आहे. घरात अहिराणी, मिलमध्ये हिंदी, बाजारात गुजराती. सुरत महापालिका गुजराती, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगूच्या जोडीने मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. म्हणजे या भागात मराठी वाचणारी पुढची पिढीही आहे. पण मराठी पडद्यावरचा विनोद आजवर मुख्यतः पुण्याचा, मुंबईचा, कोल्हापूरकडचा राहिला. मालवणीला मच्छिंद्र कांबळींच्या ‘वस्त्रहरण’ने रंगभूमीवर मान मिळवून दिला. अहिराणीचं तसं मोठ्या पडद्यावर झालं नाही. अहिराणी गाणी आणि अहिराणी विनोद यूट्यूबवर स्वतःच्या बळावर वाढले, लग्नाच्या वरातीत वाजले, पण थिएटरपर्यंत फारसे पोचले नाहीत. माझ्या मुद्द्याप्रमाणे विनोद बोलीतच नव्याने जन्मत असेल, तर पुण्याच्या बोलीतला चित्रपट सुरतेत लावून काम अर्धंच होईल. अहिराणीचा ठसका, खान्देशी सासू-सुनांची खडाजंगी, भाऊबंदकी, गाव आणि सुरत या दोन घरांत वाटलेला संसार, हे सगळं लिहिणारा लेखक हवा. प्रेक्षक तर रांगेने बसलेला आहे. जळगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली आणि उधना ही एकाच लोहमार्गावरची गावं आहेत, आणि त्या मार्गावर अहिराणी कळणारी माणसं आहेत. वितरकाने सुटीच्या दिवशी, परवडेल अशा दरात, उधना-कडोदऱ्याच्या पडद्यांवर चार खेळ लावून बघावेत. तेलुगू नायकाला हिंदी बोलवणारा मराठी गळा आपल्याकडे आहे, तर खान्देशी नायकाला त्याच्याच बोलीत बोलवणारा लेखकही सापडेल.